केबलचा मुकादम

घड्याळ काढलं, किल्ल्या काढल्या, कमरेचा पट्टाही सोडून ट्रेमध्ये टाकला आणि मुकादम सवयीने गेटातून आत निघाला. गेटवाल्याने हात आडवा घातला.

"सगळं काढलंस बाबा. छातीतलं यंत्र कसं काढणार?"

दोघे एकदमच कामाला लागलेले, त्यामुळे असं बोलायचा हक्क गेटवाल्याला होता. तरी मुकादमाला ते लागलं.

जहाज म्हणजे शेवटी लोखंडच. समुद्रात हिंडून हिंडून त्याच्या अंगात चुंबकत्व मुरतं, आणि पाण्याखाली दबा धरून बसलेल्या सुरुंगाला तेवढा सुगावा पुरतो. म्हणून या धक्क्यावर लढाऊ जहाजांना मनगटाएवढ्या जाड केबलचे वेढे घालायचे, त्यांतून वीज सोडायची आणि ते चुंबकत्व उतरवायचं. वेढे घालणारी टोळी मुकादमाची. त्याने आरोळी दिली की सगळ्यांनी एकदम ओढायचं. जहाजावरच्या साहेबांना हे वेढे म्हणजे कटकट वाटे, आणि टोळीला साहेब.

मागच्या जहाजावर तो केबल खांद्यावर असतानाच कोसळला. हृदयाचे ठोके चुकत होते, म्हणून छातीत यंत्र बसवलं. "आता त्या वेढ्यांजवळ फिरकायचं नाही, यंत्र बिघडलं तर जिवावर बेतेल," डॉक्टरांनी बजावलं. बायकोला त्याने सांगितलं, कामाला परवानगी मिळाली.

"वीज सोडायच्या आधी बाहेर येतो की रे!" मुकादम गेटवाल्याला म्हणाला.

"तू? सगळे उतरले तरी 'एवढं टोक बांधतो' म्हणत डेकवर रेंगाळणारा तूच ना?" गेटवाल्याने आवाज खाली आणला. "आणि सकाळीच वहिनींचा फोन आला होता. 'भावजी, त्यांना आत सोडलंत तर मला तोंड दाखवू नका,' म्हणाल्या."

म्हणजे तिने ओळखलं होतं. घरातली गोष्ट गेटावर नेली याचा त्याला संताप आला, पण संतापायचंही त्राण आता उरलं नव्हतं.

"आपले साहेब स्टोअरमध्ये खुर्ची देतायत. पंख्याखाली."

"तिथे बसून काय करू? वारा खाऊ?"

तो गेटाबाहेरच्या बाकावर जाऊन बसला. आत टोळीने काम धरलं. आरोळी आता दुसऱ्याची होती, जरा चिरकी. पण केबल सरकत होती. आपल्यावाचून काही अडत नाही हे ऐकत बसणं फार जड गेलं त्याला.

थोड्या वेळाने बायको धापा टाकत आली आणि शेजारी टेकली.

"रागावलात?"

"नाही. सत्कार करतो तुझा."

"करा. पण जिवंत राहून करा."

त्याला हसू येता येता राहिलं. तिने त्याचा हात हातात घेतला, त्यानेही घेऊ दिला. आतून आरोळी आली तशी त्याची मूठ करकचून आवळली. पुन्हा आरोळी, पुन्हा मूठ. त्याचं लक्ष सगळं भिंतीपलीकडे होतं. तिची बोटं ठणकत होती. जहाज मोठं होतं, वेढे बरेच बाकी होते. तिने हात सोडवून घेतला नाही.