गडगडाटाची चंदी

दुपारी तीनच्या सुमाराला वारा पडला आणि धाकटा गप्प झाला. आक्काला भीती वाटली ती दुसऱ्या गोष्टीची.

धाकट्या भावाला सगळे वेधशाळा म्हणत. वर्षाला तो वीसेक वादळं आणायचा. त्यातली एखाद-दुसरी खरंच यायची, बाकीची त्याच्या बोलण्यातच विरून जायची. असा माणूस आभाळाकडे बघून तोंड मिटून घेतो म्हणजे काय, ते समजायचं.

"बोल की," आक्का म्हणाली.

"मी कशाला बोलू? रेडिओ बोलतोय. पाचच्या आत धडकणार. घोडे बाहेर सोड, आक्का. पागा जुनी झालीय."

"घोडे आत राहतील."

यावर वाद नव्हता. पागा वडिलांची, पण नियम आक्काचा. पंचवीस वर्षांपूर्वी अशाच दिवशी वडिलांनी घोडे कुरणात सोडले आणि तिथल्या एकुलत्या एका झाडाखाली उभं राहिलेलं तिचं शिंगरू वीज पडून गेलं. झाड तोडलं, शिंगरू पुरलं आणि आक्काने शिस्त लावली. एरवी दाण्याची चंदी दिवसातून दोनदा, मापून. पण आभाळ गडगडलं की प्रत्येक ठाणातल्या घमेल्यात ओंजळभर दाणा वरकड. नवा घोडासुद्धा एका पावसाळ्यात शिकायचा: ढग वाजला की धावत आपल्या जागेवर. घरातल्या माणसांना तिला आजवर एकदाही वेळेवर जेवायला बसवता आलं नव्हतं. घोड्यांना तिने आभाळाची घंटा शिकवली होती. याचा तिला गर्व होता आणि तो ती लपवत नसे.

आता पागेत नऊ जनावरं होती. पुढारीण म्हणजे म्हातारी, पांढरी घोडी. ती जाईल तिकडे बाकीचे आठ. त्यात वकील होता, प्रत्येक दारात अडून हुज्जत घालणारा. जावईबापू होता, खायला सगळ्यांच्या आधी आणि खोगीर दिसलं की लंगडणारा.

सकाळपासून नाल ठोकायला आलेला नालबंद आत सामान आवरत होता. घोड्यांशी तो अदबीने बोलायचा आणि ती कसर माणसांवर भरून काढायचा. त्याने सहज मधल्या खांबावर हातोडी आपटली. मग थांबून पुन्हा आपटली.

"आक्का, इकडे या. जरा पटकन."

त्याने हातोडीचं टोक खांबात दाबलं. ते लोण्यात जावं तसं बोटभर आत गेलं. चुन्याचा पापुद्रा पडला आणि मागून पीठ सांडलं.

"हा खांब नाही, बिस्किटाचा पुडा आहे," नालबंद म्हणाला. "बाहेरून चुना, आतून वाळवी."

"बाकीचे?"

"चार बघितले. चारही बिस्किटं."

दरवर्षी आक्का स्वतः चुना द्यायची, दोन हात. हात सफाईदार होता. खांबाच्या पोटात काय चाललंय, हे बघायचं तेवढं राहून गेलं होतं.

तिने वर पाहिलं. पत्रे या खांबांवर, मागची विटांची भिंत पत्र्यांच्या आधाराने. वारा एकदा पत्र्याखाली शिरला की सगळं ठाणांवर येणार. धाकट्याच्या ओठांवर 'मी म्हटलं नव्हतं' आलं होतं. त्याने ते गिळलं. आयुष्यात पहिल्यांदाच गिळलं असेल, पण वेळेवर गिळलं.

"तोंडावरच्या म्होरक्या काढा," आक्का म्हणाली. "कुठे अडकायला नकोत. दारं उघडा."

पागेची दारं मागच्या भिंतीतच होती, ती थेट कुरणात उघडत. मध्ये कुंपण नव्हतं. म्हातारी निघाली, मागून आठ. वकिलाने दारात उभं राहून आक्षेप नोंदवला, नालबंदाने त्याला "चला साहेब" म्हणत ढकललं. दारं लावून अडसर घातले. आक्काने सुटकेचा श्वास घेतला, खांद्यावर म्होरक्यांचा ढीग तसाच.

तेवढ्यात ढग वाजला.

कुरणाच्या मध्यावर नऊ माना एकदम वर झाल्या. म्हातारी वळली. आणि नऊच्या नऊ टापा वाजवत परत आले, शिकवलं होतं अगदी तसे. दारं बंद बघून भिंतीला अंग लावून उभे राहिले, पडणार असलेल्या भिंतीलाच. जावईबापू खुराने दार ठोकू लागला.

"हाड! हुर्र!" धाकटा आणि नालबंद पोती फडकावत धावले. घोडे वळसा घालून पुन्हा तिथेच. पाऊस आडवा यायला लागला. वरचा एक पत्रा उचलला जाऊन दाणकन आपटला.

"तू लांब जाऊन हाक मार!" धाकटा ओरडला. "तुझं ऐकतात!"

आक्का कुरणात पळाली, घसा फुटेस्तोवर ओरडली. वाऱ्याने हाक तिच्या तोंडातच कोंबली. वर पुन्हा गडगडलं आणि घोडे भिंतीला आणखी चिकटले. आक्काचं ते ऐकतच होते. आजचं नाही, इतक्या वर्षांचं.

ती परत आली. म्हातारीने तिला पाहिलं, मान खाली घालून तिच्या तळव्यात नाक खुपसलं, दाणा शोधायला.

आक्काने खांद्यावरची म्होरकी ओढली आणि लोखंडी कडीकडून तिच्या तोंडावर हाणली.

म्हातारी हलली नाही. चुकून लागलं असेल, असं तिला वाटलं असावं. आक्काने दुसऱ्यांदा मारलं. घोडी फुरफुरली, एक पाऊल मागे सरली, पण पुन्हा मान पुढे. तिसरा फटका डोळ्यावर बसला. रक्त आलं.

"जा! मर तिकडे! चालती हो!" असं आक्का कधी कुत्र्यालाही बोलली नव्हती.

तिसऱ्या फटक्याने म्हातारीला पटलं. ती उधळली आणि आठ जण तिच्यामागे. पुढच्या गडगडाटाला ते अर्ध्या वाटेवरून परत वळले, तेव्हा आक्का मध्येच उभी होती, पट्टा गरगरा फिरवत, हाताला लागेल तो दगड फेकत. वकिलाच्या पाठीत एक बसला. तो या वेळी हुज्जत न घालता पळाला.

मग मागे मोठा आवाज झाला. तिने वळून पाहिलं तर भिंत जिथे होती तिथून पलीकडचं आभाळ दिसत होतं. पत्रे कागदासारखे उडाले. नालबंद आणि धाकटा पागेपलीकडच्या पक्क्या बांधणीच्या खोलीच्या दारातून तिला हाका मारत होते. ती चिखलात पालथी पडून राहिली.

बऱ्याच वेळाने वारा अचानक थांबला. घोडे खालच्या टोकाला एकमेकांना चिकटून उभे होते. आक्काने तीनदा मोजले. नऊ. म्हातारीचा एक डोळा मिटलेला.

आक्का एक पाऊल पुढे गेली. नऊच्या नऊ मागे सरले.

"डोळा बघायला हवा," नालबंद जवळ येऊन म्हणाला. आता त्याचा आवाज माणसांशीही अदबीचा झाला होता. "गोडीने बोलवा. येतील, हळूहळू."

"हा वादळाचा मधला पोकळ भाग आहे, आक्का," धाकटा म्हणाला. "अर्ध्या तासात वारा उलट्या बाजूने पुन्हा येईल."

ढिगाऱ्यावर अर्धी तुळई अजून लोंबकळत होती, तिच्याखाली दाण्याची घमेली उघडी पडली होती. दूर कुठेतरी गडगडलं. खालच्या टोकाला कानांच्या नऊ जोड्या टवकारल्या, आधी ढिगाऱ्याकडे आणि मग तिच्याकडे.

"बोलव ना," धाकटा म्हणाला. "आता कशाला थांबलीस?"

"भिऊ देत," आक्का म्हणाली.

तिने म्होरकीचा पट्टा हाताला दोन वेढे गुंडाळला आणि कडी मोकळी सोडून त्यांच्या दिशेने चालू लागली.