मेलच्या तळाशी

मित्रांनो, मी एक साधी ओळ आहे. गंगापूर रोडवरच्या चपला-बुटांच्या एका दुकानातून गिऱ्हाइकांना जाहिरातीचे मेल जातात, त्यांच्या अगदी तळाशी मी राहते. ‘हे मेल बंद करा’ एवढेच माझे शब्द. माझ्यावर बोट टेकवलं की त्या माणसाला पुन्हा मेल जाता कामा नये. परवानगी देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं, असं कायदा सांगतो. त्यासाठीच माझा जन्म झाला.

दुकानाचं कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या निकिताने मला घडवलं, तेही ठळक काळ्या अक्षरांत. मालक धनराजशेठना ते बघवेना. धंद्याच्या कागदावर ‘बंद’ हा शब्द दिसू नये, अशी त्यांची समजूत. रोज शटर ओढतानासुद्धा ते ‘दुकान वाढवा’ म्हणणारे. मग माझी अक्षरं बारीक झाली, पुसट करडी झाली. माझ्यामागची जोडणीही त्यांनी काढायला लावली. कुणी मला दाबलंच, तर ‘तुमची विनंती पोचली, धन्यवाद’ एवढं दिसायचं. विनंती कुठेच पोचत नसे. निकिताने कायद्याची आठवण करून दिली, तेव्हा शेठ म्हणाले, दिवाळीनंतर बघू. मी कुणाला दिसतच नव्हते, त्यामुळे मलाही तेव्हा फारसं काही वाटलं नाही.

निवृत्तीकाकांनी मात्र मला शोधून काढलं. त्यांचा जन्म कारकुनीत गेलेला, कागद तळापर्यंत वाचायची सवय. सकाळच्या फिरण्यासाठी त्यांनी आमच्याकडून बूट घेतले होते आणि काउंटरवर मेलचा पत्ता खुशीने दिला होता. पुढे साखर वाढली, जखम चिघळली आणि उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आमच्या मेलला त्याचा पत्ताच नाही. ‘निवृत्तीकाका, चालताय ना?’ असं विचारत ते जायचे, आणि त्यांच्या तळाशी मी.

काकांनी चष्मा चढवून मला दाबलं. मी त्यांना धन्यवाद दिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा मेल गेला. त्यांनी पुन्हा दाबलं, मी पुन्हा धन्यवाद दिले. त्यांच्या पत्नी सुलाबाई म्हणायच्या, लक्ष नका देऊ. पण मेल आला की काकांचा हात पायजम्याच्या रिकाम्या बाजूकडे जायचा. ते बघून मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटायचं.

शेवटी दोघं रिक्षा करून दुकानात आले. काका बाकावर टेकले, कुबड्या सुलाबाईंनी बाजूला नेल्या. धनराजशेठ फोन कानाशी धरून कुणाशी तरी बोलत होते. तसेच सवयीने खाली बसले आणि मान वर न करता म्हणाले, “पाय पुढे करा, काका.”

काकांनी डावा पाय पुढे केला. दुसऱ्यासाठी शेठचा हात तसाच पुढे राहिला. मग त्यांनी वर पाहिलं.

काकांनी आपला मोबाइल त्यांच्या हातात दिला. पडद्यावर मीच होते.

“हो म्हणायला मी इथे चालत आलो होतो,” काका म्हणाले. “नको म्हणायलाही यावं लागेल, हे ठाऊक नव्हतं.”

शेठनी निकिताला हाक मारली आणि समोर उभं राहून माझी जोडणी करवून घेतली, अक्षरंही पुन्हा काळी करवली. नवा मेल काकांच्या मोबाइलवर आला. काकांनी मला दाबलं. या खेपेला विनंती खरोखर पोचली.

मित्रांनो, कुणी ‘पुरे’ म्हणालं, तर ते पहिल्यांदाच ऐकत जा. त्याला दाराशी यायला लावू नका. मी आता लख्ख दिसते, पण मान अजून वर होत नाही. काकांची माफी मागायची राहून गेली आहे. मेल गेला तरच मला त्यांच्यापर्यंत जाता येतं, आणि तो तर आता कधीच जायला नको.