उतारावरची घंटा

मित्रांनो, मी सायकलची एक जुनी घंटा आहे. हसू नका हं. माझ्या टोपीला पोचा आलाय, म्हणून 'ट्रिंग' म्हणायला जाते आणि 'ठण्' असा आवाज निघतो. पण एके काळी माझा काय रुबाब होता!

कारखान्यातून निघाले ती थेट आमच्या बाईंच्या सायकलवर बसले. बाई सायकलच्या वाटांची पुस्तकं लिहायच्या. प्रत्येक वाट जातानाही आणि येतानाही स्वतः पालथी घालायच्या. "जातानाचा उतार येताना चढ होतो, ते काय वाचकाने घरी बसून ओळखायचं?" म्हणायच्या.

एकदा एका लांब उतारावर ब्रेक लागेनात. वळणामागेच रेल्वेचं बंद फाटक! बाईंनी सायकल झुडपात घातली म्हणून वाचलो. त्यांचं कोपर फुटलं, माझी टोपी चेपली. घरी येऊन त्यांनी लिहिलं, 'इथे खाली उतरा. सायकल हातात धरून चाला.' शेजारी माझं छोटंसं चित्र काढलं. तेव्हापासून पुस्तकात जिथे धोका, तिथे समासात मी. माझी मान कशी ताठ झाली होती!

मग एका सकाळी बाईंचं उजवं अंग लुळं पडलं, वाचाही गेली. लेकीने त्यांचं जिवापाड केलं. आईला दिसत राहावी म्हणून सायकल पलंगाला लागून उभी केली. पुस्तक बंद पडू नये म्हणून नवी आवृत्तीही तीच करायला बसली. ऑफिस आणि घर सांभाळून वाटा फिरायला वेळ कुठला? त्या ती कॉम्प्युटरवर बघायची आणि प्रत्येक पान आईला वाचून दाखवायची.

एक दिवस त्या उताराचं पान आलं.

"आई, रस्ता आता मस्त गुळगुळीत झालाय बघ. ते 'उतरा, चाला' आणि तिथलं घंटेचं चित्र काढून टाकलंय. प्रकाशक म्हणतात, लोक उगाच घाबरतात."

बाईंचे डोळे विस्फारले. "न... न..." एवढंच ओठांतून आलं.

"पाणी देऊ?"

बाईंनी डावा हात लांबवून मला वाजवलं. ठण्! पुन्हा ठण्! मित्रांनो, मी जीव तोडून ओरडले. अगं वेडे, गुळगुळीत रस्त्यावर तर सायकल जास्तच सुसाट सुटते! पण घंटेला एकच शब्द येतो. काय करणार?

लेकीला रडू फुटलं. "आई, नको ना गं. आता नाही तुला सायकलवर बसता येणार." आईला आठवणींचा त्रास नको म्हणून तिने मला स्क्रू काढून सोडवलं, मऊ फडक्यात गुंडाळलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं. तिला कसा बोल लावू? मायेनेच ठेवलं हो तिने.

पुस्तक छापून आलं. लेक आईला कौतुकाने दाखवत होती, ते मी आतून ऐकलं.

मित्रांनो, मला पुसू नका, तेल देऊ नका. फक्त बोलता न येणारं माणूस काही वाजवत असेल, तर ते काढून घेण्याआधी जरा थांबा. आणि ते नवं पुस्तक घेऊन निघालात, लांब गुळगुळीत उतार लागला आणि वळणापलीकडचं दिसेना, तर समासात मला शोधू नका. मी तिथे नाही. खाली उतरा. सायकल हातात धरून चाला.