मोडक्या देठाचं फूल

नातीचं, पर्णिकाचं, लग्न ठरलं तेव्हा मीनाक्षीबाईंनी सगळ्यात आधी विचारलं ते रुखवताचं. हॉल, मेनू, कपडे बाकीच्यांनी बघावेत. रुखवत मात्र नवरीच्या घरच्या बायकांच्या हातचं असतं, हे त्यांच्या मनात पक्कं होतं. त्यांच्या स्वतःच्या लग्नात, मिरजेला, सुपारीचे भटजी आणि मण्यांचे मोर मांडले होते, आणि वरपक्षाच्या बायका जेवणाची पानं सोडून ते बघत उभ्या राहिल्या होत्या. पुढे नवऱ्याच्या नोकरीपायी त्या दुबईला आल्या. अल मनखूल वस्तीत तेव्हा मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी. त्या घरांतल्या बहुतेक मुलींची रुखवतं मीनाक्षीबाईंनी मांडली होती, आणि मराठी मंडळाच्या दिवाळीला दारातली रांगोळी त्यांचीच असे.

"आई, पुण्याहून रेडीमेड सेट मागवलाय," सून मैथिली म्हणाली. "तुम्ही आता हाताला त्रास देऊ नका."

हे 'आता' मनगट मोडल्यापासून सुरू झालं होतं. बाथरूममध्ये पाय घसरला, उजवं मनगट गेलं, आणि प्लास्टर निघालं तेव्हा हाड जरा तिरकं जुळलेलं. तेव्हापासून मैथिलीने, अगदी प्रेमानेच, एकेक काम त्यांच्या हातून काढून घेतलं. पोळ्या गेल्या, विळी गेली, उंबऱ्यावर रांगोळीच्या जागी स्टिकर आला. मीनाक्षीबाईंनी येता-जाता त्या स्टिकरकडे बघणं सोडून दिलं.

पर्णिकाच्या ते लक्षात आलं होतं. बोटांना व्यायाम हवा, असं डॉक्टर म्हणाले होते. तेवढंच निमित्त करून तिने आजीला अल क्वोजला नेलं. तिथे गोदामांच्या रांगेत, एका टायरवाल्याच्या शेजारी, नेस्लिहान नावाची तुर्की बाई चिनीमातीची ताटं रंगवायला शिकवत असे. "जस्ट ट्राय इट, आजी," एवढं म्हणून नात लॅपटॉप उघडून बाहेर बसली.

नेस्लिहानने भोकं पाडलेला कागद पांढऱ्या ताटावर ठेवला आणि वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी हलकेच आपटली. कागद उचलला तर खाली काळ्या ठिपक्यांची फुलं. मीनाक्षीबाईंना हसू आवरेना. उदबत्तीने भोकं पाडलेला रांगोळीचा कागद त्यांच्या ट्रंकेत अजून जपून ठेवलेला होता.

मग त्या जातच राहिल्या. तोडक्यामोडक्या इंग्रजीत नेस्लिहान एकेक फूल समजावून देई. डाळिंब म्हणजे भरलेलं घर. कातरलेल्या पाकळ्यांचं कार्नेशन म्हणजे वसंत. उंच सरूचं झाड म्हणजे दीर्घ आयुष्य. मीनाक्षीबाई ऐकत आणि मनात म्हणत, आपल्या रांगोळीतल्या कमळाचं आणि गोपद्मांचं याहून काय वेगळं आहे?

शेवटी त्यांनी घरी सांगून टाकलं, की रुखवतात एक ताट माझं असेल. मैथिलीने जरा विचार करून कबूल केलं, पण अट घातली. नीट झालं तर ठेवू. हात थरथरलेला दिसला तर उगाच चारचौघांत नको. मीनाक्षीबाईंना त्या अटीचा राग आला नाही. पण हे ताट मांडवात गेलं नाही, तर आपल्या हाताला यापुढे कुणी काही विचारणार नाही, हे त्यांना स्वच्छ कळलं.

नेस्लिहानने त्यांना मोठ्या लाल ट्यूलिपचा नमुना दिला. ठिपके उमटले तसं मीनाक्षीबाईंच्या कपाळावर आठी आली. ट्यूलिपचा देठ मध्येच मोडलेला होता. लग्नाच्या ताटात मोडलेलं फूल? त्यांनी ठिपके सोडले, देठ सरळ ओढला आणि त्याच्या टोकाला फूल काढलं.

नेस्लिहान मागे येऊन उभी राहिली. सरळ का केलं, असं तिने विचारलं. आमच्यात मंगल कार्यात मोडलेलं काही ठेवत नाहीत, असं मीनाक्षीबाईंनी सांगितलं.

"तेयझे, फूल बघ," ती म्हणाली. तेयझे म्हणजे मावशी. ती त्यांना तशीच हाक मारी. "देठ सरळ गेला आणि काठावर फुलाचं डोकं कापलं गेलं. आमचे कारागीर देठ मोडतात, म्हणजे फूल आत वळतं. वाऱ्याने मोडलं तरी ते फुलतं, आणि घरातच राहतं. नवरीला याहून चांगलं काय देशील?"

 मीनाक्षीबाईंनी ओला स्पंज उचलला आणि सगळं पुसून टाकलं. पुन्हा कागद, पुन्हा ठिपके. सरळ रेघ ओढताना त्यांचा हात कापायचा. पण देठ जिथे मोडून वळतो तिथे त्यांचं तिरकं मनगट आपोआप वळलं आणि काळी रेघ एका दमात फुलापर्यंत पोचली. नेस्लिहानने टाळी वाजवली. "खलास," ती म्हणाली. दुबईच्या बोलीत, झालं, जमलं.

तरी खरी धास्ती होती लाल रंगाची. तो लाल ताट भाजताना भट्टीत कधी तपकिरी होतो, कधी ओघळतो; खुद्द नेस्लिहानचीही ताटं त्यापायी वाया जात. भट्टी उघडायच्या दिवशी मीनाक्षीबाई देवाला दिवा लावूनच निघाल्या. ताट बाहेर आलं, आणि ट्यूलिप लालभडक, काचेसारख्या चकाकीखाली जरासा उठून आलेला, बोटाला लागेल असा.

लग्नाच्या दिवशी मैथिलीने रुखवत मांडलं. ताट ठेवलं, पण पुण्याहून आलेल्या सेटमधल्या सप्तपदीच्या मागे. वेदांगची, म्हणजे नवऱ्या मुलाची, आत्या लतिकाताई रुखवत बघायला आल्या. शारजात मोठं कॉन्ट्रॅक्टिंग सांभाळणारी बाई, नजर एकदम करडी.

"मोडलेलं फूल? लग्नात?"

मैथिलीचा चेहरा उतरला. ॲक्च्युअली डिझाइनच तसं आहे, असं काहीसं ती पुटपुटली.

"लतिकाताई, बोट फिरवून बघा," मीनाक्षीबाई म्हणाल्या. "ते बाहेर चाललं होतं, म्हणून आत वळलं. नातीला सगळं सरळच मिळो, असा आशीर्वाद तोंडाने कुणीही देईल. वाकायची वेळ आली तरी ती फुलावी आणि आपल्या माणसांत राहावी, एवढं मी मागितलंय."

लतिकाताईंनी त्या लालवरून बोट फिरवलं. मीनाक्षीबाईंच्या मनगटाकडेही त्यांची नजर गेली असावी. मग त्यांनी सप्तपदी सरळ बाजूला सारली आणि ताट पुढे, मधोमध ठेवलं.

"हे मी माझ्या मांडीवर नेणार. वेदांगच्या हातात देऊ नका, तो गाडीत बसायच्या आधी फोडेल."

हसणं ऐकून बायका जमल्या. एकीने दुसरीला बोलावलं, कुणी फोटो काढले, कुणी लाल ट्यूलिपला बोट लावून बघितलं. तिकडे बुफेची रांग अर्धी रिकामी झाली. मीनाक्षीबाईंना मिरजेचा मांडव आठवला. आजचं त्यांना पुरेसं होतं.

नवरानवरी जेवायला बसायच्या आधी मैथिली त्यांच्यापाशी आली.

"आई, जेवणाच्या ताटांभोवती रांगोळीचे स्टिकर लावायचे राहिलेत. पण नकोच. तुम्ही काढता रांगोळी?"

"आता रांगोळी कुठून आणू?"

मैथिलीने पर्समधून डबा काढला. "सकाळीच टाकला होता."

मीनाक्षीबाईंनी पदर खोचला, जमिनीवर बसल्या आणि चिमूट भरली. ठिपक्यांचा कागद नव्हता, त्यांना तो लागलाही नाही. पर्णिकाच्या जेवणाच्या ताटाशेजारी त्यांनी एक देठ काढला, मध्येच मोडला, आणि फूल ताटाकडे वळवलं.