हळदीचा हात

नळाला पाणी आलं होतं आणि रांगेत एकही बादली नव्हती. घाटकोपरच्या भटवाडीतला खरा चमत्कार म्हणायचा तर हाच. पण चाळीला दुसराच चमत्कार बघायचा होता, म्हणून सगळे रुक्मिणीबाईंच्या खोलीत आणि बाहेरच्या गॅलरीत दाटले होते.

भाऊराव महाराज आले होते. कपाळभर हळदीचा मळवट, खांद्याला झोळी. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हे महाराज कुर्ल्याला छत्र्या दुरुस्त करत. मग एका उन्हाळ्यात त्यांना साक्षात्कार झाला. पावसाळ्यात झाला असता तर धंदा बुडाला असता.

त्यांना बोलावलं होतं सुनेनं, नलिनीनं. तिची मुलगी शकु, वय एकोणीस. जन्मली तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं, हिला डाऊन सिंड्रोम आहे. शिकेल, पण सावकाश. शकु सावकाश शिकली. आता ती रोज एकटी बसने चेंबूरच्या कार्यशाळेत जाई, खडूंची खोकी भरी आणि घरी आली की आजीच्या पापडांचं पीठ मळायला बसे. चाळीला मात्र वाटे की पोरीला काहीतरी लागलंय. महाराजांनाही तेच वाटलं, पोरीला न बघताच. बाधा निघाली तर एकवीस शनिवार होईपर्यंत पोरीने उंबरा ओलांडायचा नाही, असा निरोप त्यांनी आधीच धाडला होता. आणि कार्यशाळेत महिनाभर गैरहजर राहिलं की जागा दुसऱ्याला जाई.

रुक्मिणीबाईंना महाराज पटले नव्हते. त्याचं कारण विज्ञान वगैरे काही नाही. त्यांची शाळा दुसरीतच सुटलेली. आपल्या घरात आपल्याशिवाय कुणी हुकूम सोडावा, एवढंच त्यांना सोसत नसे. पण सुनेचे रडवेले डोळे बघून त्या गप्प बसल्या. रुक्मिणीबाई गप्प बसल्या, हाच चाळीला महाराजांचा पहिला चमत्कार वाटला.

महाराजांनी नलिनीच्या तळव्यावर ओली हळद फासली, शकुच्याही. तांब्याच्या गडूतलं तीर्थ नलिनीच्या हातावर सोडलं. हळद पिवळीच राहिली. आई निर्मळ आहे, असा निकाल लागला. मग डोळे फिरवत, पुटपुटत त्यांनी झोळीतून दुसरा गडू काढला आणि शकुच्या हातावर धार सोडली. हळद लाल झाली. गॅलरीतली माणसं दोन पावलं मागे सरली.

"बघा, बाधा रक्त ओकतेय," महाराज म्हणाले. "बाळ, घाबरू नकोस. आता एकवीस शनिवार."

नलिनी रडू लागली. शकु घाबरली नव्हती. ती हाताकडे बघत कपाळाला आठ्या घालत होती.

"खार," ती म्हणाली.

"गप गो. मोठी माणसं बोलतायत," रुक्मिणीबाई सवयीने म्हणाल्या. एकोणीस वर्षं शकुच्या वाटचं त्याच बोलत आल्या होत्या. कुणी शकुला नाव विचारलं तरी उत्तर आजीचं.

शकु काही गप्प बसली नाही. महाराजांच्या नाकासमोर बोट नाचवत, सावकाश, हुबेहूब आजीच्या सुरात म्हणाली, "हळदीचा हात पापडखाराच्या पाण्यात घालायचा नाही. सगळं लाल होतं. किती वेळा सांगायचं तुला?"

गॅलरीत कुणीतरी फिसकन हसलं. रुक्मिणीबाईंना आठवलं. दिवाळीच्या आधी शकुने हळदीचा हात खाराच्या पाण्यात बुडवला होता, पाणी लाल झालं होतं, आणि त्यांनी याच शब्दांत तिला सोलून काढलं होतं. पोरीने अक्षर न् अक्षर जपलं. तीस वर्षं पापड लाटणाऱ्या आपल्याला मात्र समोरचं दिसलं नाही. त्यांना लाज वाटली. पण लाजत बसायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

"महाराज, डोळे मिटा जरा," म्हणत त्यांनी तो दुसरा गडू उचलला आणि मळवटावर रिकामा केला. कपाळ लाल झालं.

"अगो बाई, ह्यांची बाधा तर शकुपेक्षा मोठी. ह्यांना एकवीस शनिवार पुरायचे नाहीत."

मग महाराजांनी पूजेला मांडलेल्या ताटातलंच लिंबू कापून त्यांनी कपाळावर पिळलं. लाल होतं ते पुन्हा पिवळं झालं. "घ्या. गेली. एका लिंबात."

महाराज झोळी आवरू लागले. रुक्मिणीबाईंनी तोवर आपल्या डब्यातला पापडखार पाण्यात कालवला आणि नलिनीच्या पिवळ्या तळव्यावर ओतला. तोही लाल झाला. नलिनी रडायची थांबली आणि लिंबाची उरलेली फोड तिने स्वतःच हातावर पिळली.

खाराने हळद लाल होते, आंबटाने परत पिवळी होते. यात देव नाही, भूत नाही. शकुच्या पेशींत एक गुणसूत्र जास्त आहे, ते जन्मापासून आहे. ती बाधा नव्हे, शापही नव्हे, आणि ते उतरवणारा अजून जन्मला नाही. उतरवतो म्हणून कुणी दारात आलाच, तर त्याचे दोन्ही गडू आधी त्याच्यावरच ओतून बघा. एवढ्यासाठी फार शाळा लागत नाही. रुक्मिणीबाईंना लागली नाही.

सोमवारी शकु डबा घेऊन निघाली तेव्हा शेजारची रत्नप्रभा रुक्मिणीबाईंना म्हणाली, "पण हिला कसं हो कळलं?"

रुक्मिणीबाई सवयीने शकुच्या वाटचं सांगायलाच निघाल्या होत्या.

"मला काय विचारतेस? ती काय मुकी आहे? तिला विचार."

रत्नप्रभा शकुकडे वळली. शकुने जिन्याकडे बघितलं.

"आत्ता नाही," ती म्हणाली. "माझी बस जाईल."