परक्या पायांवरची पिकअप

जेवताना माणसानं बोलू नये, असं मला लहानपणी पुष्कळांनी सांगितलं होतं. त्या दुपारी मी ते ऐकलं असतं, तर पुढचं वर्ष चार लोकांसारखं गेलं असतं.

विषय निघाला वरच्या बागेचा. माझे सासरे रोपवाटिका चालवत. ते गेल्यावर सासूबाई ती एकट्यानं सांभाळत होत्या. टेकडीवर त्यांची एक लहानशी बागही होती, लिंबोणीची आणि अंजिरांची. पण दरड कोसळून तिकडची वाट उखडली आणि साधी गाडी वर जाईनाशी झाली. पायी चढायला सासूबाईंच्या गुडघ्यांनी आधीच नकार दिला होता.

"वर काय जगलंय नि काय वाळलंय, देव जाणे," त्या म्हणाल्या. "आता ती बाग विसरायची, झालं."

रोपवाटिकेमागच्या शेडमध्ये सासऱ्यांची जुनी पिकअप उभी होती. गोल दिवे, फुगीर मडगार्ड, मागच्या हौद्याला लाकडी फळ्या. सासूबाई तिच्यावरून नेमानं फडका फिरवत, त्यामुळे वरून ती नव्या नवरीसारखी चमकायची. खालची चेसी मात्र इतकी गंजली होती, की बोटानं टोकरलं तरी पापुद्रे हातात यायचे.

"सोपं आहे," मी तोंडातला घास न गिळताच म्हणालो. "वरचा भाग उचलायचा आणि चारही चाकांना जोर असलेल्या गाडीच्या चेसीवर बसवायचा. वरून बाबांची पिकअप, खालून डोंगर चढणारी गाडी. लोक करतात."

मी मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हा माझा धंदा. एकदा शेतीच्या यंत्रांवरचं एक जाडजूड पुस्तक मी तपासलं, आणि तेव्हापासून मला यंत्रातलं कळतं असा माझा समज होता. त्या पुस्तकातले ऱ्हस्व-दीर्घ मी सुधारले होते, यंत्रं नव्हेत, हा फरक तेव्हा ध्यानात आला नाही.

"तू?" बायकोनं विचारलं. तिला एवढंच विचारायचं होतं.

"आम्ही," माझा साडू म्हणाला.

साडू म्हणजे मेव्हणीचा नवरा. स्वयंपाकघरातली कपाटं बनवतो. खिशात कायम पातळी तपासायची लेव्हलची बाटली. कुणाच्या घरी तसबीर तिरकी दिसली, तर सरळ केल्याशिवाय पाणी पीत नाही. आम्ही एकमेकांना तोंडावर 'साडूभाऊ' म्हणतो, माघारी काय म्हणतो ते आमच्या बायकांना माहीत. पण त्या दिवशी त्याच्या एका शब्दानं मला भरून आलं. दोन अर्धे मिळून एक पुरा होतो, असा माझा हिशेब. आमच्या बाबतीत दोन अर्धे मिळून फक्त दोन अर्धेच झाले.

भंगारवाल्याकडे कोलांटी खाल्लेली एक फोर-व्हील-ड्राइव्ह मिळाली. टप चेपलेला, पण इंजिन आणि चेसी ठणठणीत. ती शेडमध्ये आणली, वरचा चेपलेला पत्रा कापून टाकला. मग तुळईला चेनपुली बांधली, पिकअपच्या केबिनखालून पट्टे घातले, आणि मी साखळी ओढायला लागलो. सगळे बघायला आले होते.

"जपून हं," सासूबाई म्हणाल्या. "ते डावीकडचं दार त्यांनी स्वतः रंगवलंय."

केबिन वीतभर उचलली गेली. पाठोपाठ गंजकी चेसीही उठायला लागली. आम्ही हँडब्रेकची तार सोडवायला विसरलो होतो.

"जुनं प्रेम आहे," बायको म्हणाली. "असं नाही तुटायचं."

तार तोडल्यावर केबिन एकदम मोकळी होऊन पाळण्यासारखी झुलली. साडूनं तशा झुलत्या केबिनवर लेव्हलची बाटली ठेवली आणि डोळे बारीक करून म्हणाला, "जरा डावीकडे आहे." मी आदरानं मान हलवली. आम्ही किती मोठं काम करतोय, या जाणिवेनं आम्हाला दोघांनाही त्या काळात फार गंभीर राहायला आवडत असे.

केबिन बसली. मागचा हौदा बसला. मग आम्ही चार पावलं मागे सरून पाहिलं, तर मागचं चाक मडगार्डच्या कमानीत मधोमध यायचं सोडून पार मागे गेलेलं. वडिलांचे बूट घातलेल्या पोरासारखी दिसत होती बिचारी. पुन्हा सगळं उचलायचं, मागचा ॲक्सल, म्हणजे चाकांचा कणा, सोडवायचा, पुढे सरकवायचा. "उघडतोच आहोत, तर उंचीही वाढवू," साडू म्हणाला. स्प्रिंगचे पाटे ॲक्सलच्या खाली होते, ते वर घ्यायचे ठरले. त्यासाठी ॲक्सलवर नव्या बैठका जोडाव्या लागणार होत्या.

मोजमापं साडूनं घेतली, ती मी तपासली. वेल्डर बोलावला. तो मितभाषी माणूस होता.

"इथं?"

"इथंच."

"बघा हं."

"बघितलंय!" आम्ही दोघे एका सुरात म्हणालो. त्यानं काच तोंडावर ओढली आणि आम्ही दाखवलं तिथे टाके मारले.

ॲक्सल बसवल्यावर त्याच्या मधल्या फुगीर गोळ्यात तेल घालायला गेलो, तर तेलाचं भोक खालच्या अंगाला.

"खालून तेल कसं भरणार?" मी विचारलं.

"कंपनीनं काहीतरी विचार करूनच दिलं असेल ना, साडूभाऊ."

मला ते पटलं. का पटलं, हे मला आजही सांगता येणार नाही. मी पाठीवर झोपून, नळीनं, दाबून दाबून तेल भरलं. निम्मं गोळ्यात गेलं, निम्मं माझ्या कानात.

यथावकाश, डावं दार तेवढं तसंच ठेवून, गाडी रंगून तयार झाली. खरंच देखणी दिसत होती. उंच पायांवर उभी, छाती पुढे काढलेली. पहिली फेरी बघायला घरची मंडळी तर आलीच, शेजारच्या दुकानातलं गिऱ्हाईकही आलं. मी स्टिअरिंगवर बसलो. साडू शेजारी. मी फाटकाकडे नजर लावली, पहिला गिअर टाकला, क्लच अलगद सोडला.

गाडी डौलात मागे गेली आणि कुंड्यांच्या ढिगावर चढली.

"गिअर चुकला," मी खिडकीतून सगळ्यांना सांगितलं, आणि दुसरा टाकला. गाडी अधिक वेगानं मागे गेली. उरलेल्या कुंड्याही गेल्या. घाबरून रिव्हर्स टाकला, तेव्हा ती एखाद्या आजारी बैलासारखी हळूहळू पुढे सरकली.

अडाण्याचा गेला गाडा, वाटेवरची शेतं काढा, असं म्हणतात. आमच्या गाड्याला वाटेपर्यंतही जावं लागलं नाही.

बायको खिडकीशी आली. "म्हणजे मागे जायला चार गिअर आणि पुढे जायला एक? छान. अगदी तुझ्यावर गेलीय."

"पुढच्या चाकांना जोर देऊन बघू," साडू घाईघाईनं म्हणाला आणि त्यानं फोर-व्हीलचा दांडा ओढला. आता पुढची चाकं पुढे निघाली, मागची मागे. गाडी जागच्या जागी थरथरत, गुरगुरत, आपल्याच चाकांनी आपल्यासाठी खड्डा खणायला लागली. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या रडत होत्या की हसत होत्या, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच गाडीच्या मागे उकिडवा बसलो होतो. ॲक्सलच्या गोळ्यावर ओतीव अक्षरं होती, कारखान्याचं नाव आणि नंबर. मी ती वाचली. पुन्हा वाचली. मग पुढे जाऊन पुढच्या ॲक्सलवरची वाचली. पुढची अक्षरं सरळ होती. मागची डोक्यावर उभी होती.

उमेदवारीत मी छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या म्हाताऱ्यांच्या हाताखाली उलटी अक्षरं वाचायला शिकलो. त्याचा मला केवढा अभिमान! समोर बसलेल्याच्या हातातला कागद मी सुलटा करून न घेता वाचतो. त्याच अभिमानापायी, बैठका भलत्या अंगाला जोडल्यानं ॲक्सल आख्खा उलटा बसलाय आणि म्हणून चाकं उलटी फिरतायत, हे माझ्या नजरेतून सुटलं होतं. ती अक्षरं मी तेल भरताना दहादा वाचली होती. मला ती अगदी शुद्ध वाटली.

साडूला दाखवलं. तो म्हणाला, "तपासलं कुणी होतं?" मी म्हणालो, "मोजलं कुणी होतं?" मग आवाज चढले. मी त्याची कपाटं काढली, त्यानं माझे काने-मात्रे काढले. त्यानंतर आमचं बोलणं बंद.

काम मात्र टाकता येईना. सासूबाईंना तोंड काय दाखवणार? तेव्हा आम्ही एकाच गाडीखाली, तो डावीकडून आणि मी उजवीकडून, अबोल्यानं काम करू लागलो. मध्ये बिचारा वेल्डर.

"त्यांना म्हणावं, जॅक जरा वर घ्या."

"ते म्हणतात, जॅक वर घ्या," वेल्डर मला सांगे. मी साडूपासून हातभर अंतरावर असे.

जुन्या बैठका कापल्या, ॲक्सल सुलटा केला, नव्या जोडल्या. पहिला गिअर टाकल्यावर गाडी पुढे गेली, तेव्हा टाळी वाजवली ती वेल्डरनं. आम्ही दोघांनी आपापल्या बाजूच्या भिंतीकडे पाहिलं.

वर जायच्या दिवशी नवीच पंचाईत उभी राहिली. उंची वाढवण्याच्या हौसेपायी केबिनचा तळ सासूबाईंच्या कमरेच्या वर गेला होता. साडूनं निमूटपणे एक लाकडी पायरी आणून ठेवली. उत्तम पॉलिश केलेली. सवयीनं तिलाही त्यानं एक ड्रॉवर केला होता.

सासूबाईंनी ती उचलली आणि पलीकडे, स्टिअरिंगच्या बाजूला नेऊन ठेवली.

"जावईबापू, किल्ली द्या."

"आई, तुम्ही?"

"वरच्या वाटेला गाडी मीच चालवायचे. यांना दरी दिसली की गरगरायचं. ते खाली उतरून चाकामागे दगड लावत चालायचे."

"पण तुमचे गुडघे?"

"चढताना दुखतात. क्लच दाबताना नाही दुखत."

मी बायकोकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"तू विचारलंस कुठे?" म्हणत ती आईशेजारी जाऊन बसली.

मग मी आणि साडू, एकेक दगड उचलून, गाडीमागून चालायला लागलो. पडलेल्या दरडीपाशी सासूबाई थांबल्या, दांडा ओढला आणि गाडी त्या राडारोड्यावरून एखाद्या घोरपडीसारखी चिकटून, सावकाश, वर गेली. एकदाही घसरली नाही. वळणापलीकडे दिसेनाशी झाली. नुसता आवाज येत राहिला, एकसुरी, भरदार.

आम्ही धापा टाकत होतो. साडू थेट मलाच म्हणाला, "दगड अजून कशाला धरलाय तुम्ही?"

"तुम्हीही धरलाय."

त्यानं हातातल्या दगडाकडे पाहिलं. "छे, हा चांगला आहे. दोन्ही बाजूंनी सपाट." आणि आम्हाला दोघांनाही असं हसू फुटलं, की वाटेतच बसावं लागलं.

वर पोचलो तेव्हा पिकअप एका बाजूला उभी होती आणि तिच्याकडे कुणीही बघत नव्हतं. अंजिरांची निम्मी झाडं वाळली होती. लिंबोणी मात्र रान माजावं तशा माजल्या होत्या. खाली पिवळ्या फळांचा खच. सासूबाई एका जाड बुंध्याला हात लावून उभ्या होत्या. आम्ही दिसताच त्यांनी डोळे पुसले.

"आलात? हौद्यात कोयते आहेत. वाळकं तेवढं तोडा. आणि हिरव्याला हात लावाल तर याद राखा."

संध्याकाळपर्यंत आम्ही तोडत होतो. मोजमापं कुणीच घेतली नाहीत.

उतरताना सासूबाईंनी किल्ली माझ्याकडे दिली. "आता तुम्ही चालवा. मला बाहेर बघायचंय." बायको आणि साडू मागे हौद्यात, तोडलेल्या फांद्यांवर बसले. सासूबाईंनी काच खाली केली, दारावर कोपर टेकलं, आणि खाली येईपर्यंत त्या सासऱ्यांविषयी बोलत राहिल्या. इंजिनाच्या आवाजात मला निम्मंच ऐकू आलं. मी मात्र प्रत्येक वाक्याला "हो आई" म्हणत गेलो, आणि एकदा त्या थांबून माझ्याकडे अशा बघायला लागल्या, की तिथे "नाही" म्हणायला हवं होतं हे कळलं.