तळ दिसला पाहिजे

"मावशी, तळं रिकामं करावं लागेल," शेततळ्याच्या बांधावर उभा राहून गोमटेश म्हणाला. "तळ दिसल्याशिवाय फोटो पास होत नाही."

अंबूबाईला वाटलं, पोरगा थट्टा करतोय. हा नवा कृषी सहायक वारणाकाठचा; तिकडं उसात पाणी तुंबतं म्हणून लोक चर खणतात. पण आटपाडीच्या उन्हात मोबाइल धरून तो गंभीरपणे उभा होता.

"आवं साहेब, तळं पाण्यासाठीच असतंय न्हवं?"

"हो. पण अनुदान खोदकामाचं आणि तळाला अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदाचं आहे. पाण्याखाली ते दिसत नाही."

"दिवाळीला कोरडं हुतं. तवा किती बोलवलं तुमास्नी."

"तेव्हा मी इथं नव्हतो. आता मार्चअखेर आहे. उद्या दुपारी परत येतो. लालासाहेबांचं कालच पास झालं बघा."

ते ऐकून अंबूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. शेजारच्या लालासाहेबाच्या तळ्यात वाटीभर पाणी ठरत नव्हतं.

तिचा नवरा हंबीरराव कोइमतूरला सोनं गाळायच्या दुकानात भट्टीपुढं बसत होता. तिथल्या कमाईतून हे तळं झालं. अनुदान आलं की खालच्या रानात ठिबक करायचं आणि त्यानं कायमचं घरी यायचं, असं ठरलं होतं. कालव्याचं पाणी नुकतंच येऊन गेलं होतं. पुढचं कधी, ते कुणी सांगत नव्हतं. डाळिंबं लिंबाएवढी झाली होती. त्यांना पाणी रोज थोडं थोडं लागतं. सगळं एकदम सोडलं तर मुळं कुजतात, आणि नंतर द्यायला काही उरत नाही.

संध्याकाळी लालासाहेब आला.

"वैनी, पाणी सोडणारच हाय तर माज्या रानात सोडा की. वाया कशाला?"

"तुमचं तळं पास झालंय म्हणं."

"उंदरांची कृपा. त्यांनी कागद कुरतडला म्हणून तळ दिसला. हारच घालाय पायजे एकेकाला."

"मग उद्या साहेबाला सांगा, तळं फुटकं हाय म्हणून."

लालासाहेबाचं हसू आटलं. "पैसं मागारी घेतील की, वैनी."

"मग उंदरांकडंच मागा पाणी."

तो गेल्यावर तिनं नवऱ्याला फोन लावला. सगळं ऐकून हंबीरराव म्हणाला, "सोड पाणी. परत भरंल."

"कवा?"

तो हलकेच म्हणाला, "मला यायचं हाय गं."

ती मोटरीपाशी गेली, बटणावर हात ठेवला. आता चालू केली तर उद्या दुपारपर्यंत तळ दिसला असता. झाडं चार दिवस तग धरतील, मग फळं टपाटपा गळतील. ते तिनं एकदा पाहिलं होतं. तिनं हात काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी गोमटेश आला, तेव्हा पाणी काठाला लागलेलं होतं.

"मावशी, नाव बाद होईल."

"होऊ द्या. पण कारण लिवा, तळ्यात पाणी हुतं म्हणून."

त्यानं मोबाइल तिच्यापुढं धरला. "असं कारण यात नाही. दोनच आहेत. काम अपूर्ण, नाहीतर लाभार्थी गैरहजर."

"मी हितं हुबी हाय. तळं हितं हाय. पाणी हितं हाय. ह्यातलं काय अपुरं हाय, दावा मला."

गोमटेशनं पाण्याकडं पाहिलं. कपाळाचा घाम पुसला. "माझ्या हातात नाही, मावशी," असं पुटपुटत त्यानं पडद्यावर बोट टेकवलं.

"काय दाबलं?"

"काम अपूर्ण."

"असं," अंबूबाई म्हणाली. त्याच्याकडं पाठ करून ती मोटरीकडं गेली आणि डाळिंबाच्या पहिल्या ओळीचा कॉक तिनं उघडला. मग नवऱ्याला फोन लावला.

"पाणी सोडलं न्हाई," ती म्हणाली. "तुमी औंदा यायचं न्हाई."